कंदिलाची चौथी काच

सदाशिव पेठेतल्या आमच्या गल्लीच्या तोंडाशी दिव्याचा एक जुना बिडाचा खांब आहे. तो किंचित डावीकडे कललेला आहे. मात्र गल्लीतल्या जुन्या रहिवाशांच्या मते खांब सरळच असून रस्ता नंतर तिरका झाला. खांबाच्या अंगावर उभ्या पन्हळी आहेत. त्यांत हिरव्या रंगाचे इतके थर बसले आहेत की त्या आता हाताला लागतात, डोळ्यांना दिसत नाहीत. वर शिडी टेकवायला एक आडवी दांडी आहे आणि दांडीच्या वर चार काचांचा, खाली निमुळता होत गेलेला कंदील. एके काळी या कंदिलात घासलेटचा दिवा असे आणि तो लावायला रोज तिन्हीसांजेला खांद्यावर शिडी घेऊन माणूस येत असे, असे म्हणतात. मी पाहते आहे तेव्हापासून त्यात विजेचा पिवळा दिवा आहे आणि तो आपोआप लागतो.

या खांबासमोर पहिल्या मजल्यावर मी सव्वीस वर्षे राहते आहे. त्यांतली पंचवीस वर्षे मी त्याच्याकडे पाहिले ते केवळ रिक्षावाल्याला पत्ता सांगण्यापुरते. एका महाविद्यालयात मी तर्कशास्त्र शिकवत असे. निवृत्त झाल्यावर लोक विचारत, आता काय करणार? वाचन करीन, असे मी सांगे, कारण या उत्तरावर सहसा पुढचा प्रश्न येत नाही. दिव्याच्या काचा पुसण्याचे काम मी एकसष्टाव्या वर्षी शिकले आणि पहिल्याच दिवशी ते नको तितके चांगले केले. त्याचीच ही हकीकत.

खांबाची खरी निगा राखणारे गृहस्थ समोरच्या घरात तळमजल्यावर राहतात. महापालिकेच्या विद्युत विभागात ते वायरमन होते आणि नोकरीत असताना या भागातले रस्त्यावरचे दिवे त्यांच्याकडे होते. असे बिडाचे कंदील तेव्हा बरेच होते. एकेक करून ते गेले, त्यांच्या जागी उंच खांब आले. हा एक राहिला, कारण आमच्या गल्लीत मोठी गाडी वळत नाही. निवृत्तीनंतरही महिन्याच्या दुसऱ्या रविवारी सकाळी आठ वाजता ते आपला घोडा खांबाखाली मांडत. घोडा म्हणजे रंगाऱ्यांकडे असते ती, दोन्ही बाजूंनी पायऱ्या असलेली आणि स्वतःच्या पायांवर उभी राहणारी शिडी. हे काम त्यांना कोणी सांगितले नव्हते आणि कोणी नकोही म्हटले नव्हते. आमच्या भागात एखादे काम वर्षानुवर्षे चालायला एवढे पुरते.

त्यांच्या पत्नी खाली घोडा धरून उभ्या राहत आणि तिथून वरच्या दिशेने बोलत असत. घरातल्या पंख्याच्या पात्यांवर भाजी लावता येईल इतकी माती साचली आहे, पण खांबाची आंघोळ मात्र चुकत नाही, हे मी माझ्या खिडकीतून किमान शंभर वेळा ऐकले असेल. वायरमन वरून उत्तर देत नसत. वर काम करणाऱ्याने बोलू नये, असा त्यांचा नियम होता; या नियमाची त्यांना संसारात फार मदत झाली असावी.

या दोघांशी माझे बोलणे बेताचेच होते. वहिनींना वहिनी म्हणता येत होते, परंतु वायरमनना काय म्हणावे हे मला ठरवता आले नव्हते. काका म्हणावे तर ते माझ्याहून फक्त दहा वर्षांनी मोठे, भाऊ म्हणावे तर ती सलगी. म्हणून इतकी वर्षे मी प्रत्येक वाक्य 'अहो, जरा' असे सुरू करत आले. ते मला 'बाई' म्हणत. शिक्षिकेला हाक मारण्याची पद्धत किती सोयीची आहे, याचा मला हेवा वाटे.

गेल्या डिसेंबरात गल्लीत बातमी आली की नवे दिवे बसणार आहेत आणि बिडाचा खांब काढून भांडारात ठेवला जाणार आहे. वायरमननी जुन्या कचेरीत फोन केला. तिथून कळले की जुन्या नोंदवहीत ज्या कंदिलांचे क्रमांक आहेत ते जागच्या जागी ठेवायचे ठरले आहे. सोमवारी अभियंता येऊन खात्री करील. हे ऐकून ते निर्धास्त झाले. आमच्या कंदिलाला क्रमांक आहे, असे त्यांनी गल्लीत सर्वांना सांगितले. क्रमांक कुठे आहे, हे मात्र सांगितले नाही. कोणी विचारलेच नाही. मला वाटले, खांबावर असेल. लोखंडी वस्तूचा क्रमांक लोखंडावर असणार, हे मला इतके उघड वाटले की मी तपासलेसुद्धा नाही.

त्या आधीच्या रविवारी खास धुलाई ठरली. वहिनींचे मनगट दुखत होते. त्या खालून, पण माझ्या खिडकीकडे तोंड करून, नवऱ्याला म्हणाल्या, "त्या पडद्यामागे बाई उभ्या आहेत रिकाम्या. त्यांना बोलवा की."

मी खरोखरच पडद्यामागे उभी होते. नाकारायला जागाच उरली नाही.

वायरमननी वर चढून कडांची सुटत आलेली जुनी लांबी, म्हणजे काचा पक्क्या करायचे पुटीन, खरवडली, चारही काचा खोबणीतून काढल्या आणि एकेक करून खाली दिल्या. जुन्या काचा त्या. उन्हात धरल्या की आतून पाणी वाहिल्यासारख्या दिसत. त्या कशा पुसायच्या ते त्यांनी मला दाखवले. खडूची भुकटी, ओले वर्तमानपत्र, मग कोरडे वर्तमानपत्र. हात गोल फिरवायचा नाही, वरून खाली न्यायचा. गोल पुसली की संध्याकाळी काचेत भोवरे दिसतात. तीन काचा आम्ही मिळून केल्या. चौथी, रस्त्याकडची, त्यांनी बाजूला ठेवली आणि म्हणाले की तेवढी राहू द्या, ती मी करीन. मग काचा बसवायची लांबी संपली आहे हे लक्षात आल्यावर ते नारायण पेठेत दुकानाकडे गेले. वहिनी कुकर लावायला आत गेल्या. मी आणि चौथी काच दोघीच राहिलो.

माझ्या मनात काय आले, ते मी क्रमाने सांगू शकते. तीन काचा लखलखीत आहेत. चौथी काळवंडलेली आहे. वयाने मोठा माणूस दुकानातून दमून येणार. तेव्हा चौथी काच आपण करून ठेवली तर त्यांना बरे वाटेल. यातल्या कोणत्याही पायरीत मला आजही दोष दिसत नाही. 'ती मी करीन' यामागे काही कारण असू शकते, ही एकच पायरी मी गाळली. पण आमच्याकडे माणसे आज्ञा देतात तेव्हा कारण देत नाहीत; त्यामुळे कारण असते हेच आपण विसरून जातो.

त्या काचेच्या उजव्या खालच्या कोपऱ्यात धूर, धूळ आणि चिलटे यांनी मिळून एक चिवट काळा डाग तयार केला होता. वर्तमानपत्राने तो हलेना. मी घरून ब्लेड आणले. डागाला आकार आहे, हे माझ्या लक्षात आले होते, हे मी कबूल करते. पण आकार असलेले डाग मी एकतीस वर्षे फळ्यावर पुसत आले होते. अर्ध्या तासात काच अशी झाली की ती हातात आहे की नाही, हे बोटांनाच विचारावे.

वायरमन परत आले, चारही काचा ओळीने पाहून "केलीत?" एवढेच म्हणाले. वर चढताना चष्मा पडतो म्हणून तो त्यांच्या खिशात होता. लांबी वाळायला लागण्याआधी त्यांनी घाईने काचा बसवल्या, कडा बोटाने पक्क्या केल्या आणि उतरताना शेवटच्या पायरीवर त्यांचा गुडघा कचकला. डॉक्टरांनी तीन महिने पायऱ्या बंद केल्या. तरीही संध्याकाळी दिवा लागला तेव्हा ते स्टुलावर पाय पसरून, समाधानाने पाहत बसले होते. दुसऱ्या मजल्यावरच्या गृहस्थांनी गॅलरीतून तक्रार केली की या उजेडात आमच्या जिन्यातली जळमटे येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसू लागली आहेत. आमच्या गल्लीत एवढी स्तुती सहसा होत नाही.

सोमवारी सकाळी अभियंता आली. पंचविशीतली मुलगी, काखेत हेल्मेट, पाठीवर पिशवी, बोलणे अमरावतीकडचे. तिने परिस्थिती सांगितली. नोंदवहीत या भागातले तीन क्रमांक आहेत, पण ठिकाणांचा रकाना कसरीने खाल्ला आहे. म्हणून कंदिलावरचा क्रमांक डोळ्यांनी पाहून जुळवायचा. जुळला तर खांब इथेच राहील, नाहीतर गुरुवार उलटल्यावर भांडारात जाईल.

वायरमन खुर्चीतूनच म्हणाले, "एकोणसाठ. रस्त्याकडची काच, उजवा खालचा कोपरा. काळा रंग. मीच रंगवलाय."

मी चहाचा कप घेऊन खिडकीत उभी होते. कप कठड्यावर ठेवून मी पडद्यामागे सरकले.

मुलीने मान वर करून पाहिले, मोबाइलचा कॅमेरा मोठा करून पाहिले. मग फार सौम्यपणे म्हणाली, "काका, मला तर काहीच दिसून नाही राहिलं."

वायरमननी चष्मा लावला. काठीच्या आधाराने खांबाभोवती फिरून चारही काचा खालून पाहिल्या आणि पुन्हा पहिल्या काचेपाशी आले. मग त्यांनी जे केले ते मला अजून आठवते: चष्मा काढून शर्टाच्या टोकाने पुसला आणि परत लावला. मुलीने त्यांना गुरुवारी सकाळपर्यंत मुदत दिली. क्रमांक मिळाला नाही तर मला 'आढळला नाही' असंच लिहावं लागेल काका, असे ती म्हणाली. तिला खरोखरच वाईट वाटत होते, हे आवाजावरून कळत होते.

मी त्याच क्षणी खाली जायला हवे होते. मी गेले नाही. आपल्या हातून झालेली चूक चार माणसांत सांगायची म्हणजे प्रथम चार माणसांत जावे लागते, आणि मला तिथूनच अवघड होते.

दुपारपर्यंत मी स्वतःला समजावत होते की नुकसान खांबाचे आहे. संध्याकाळी दिसले की ते खांबापुरते नव्हते. वायरमनना स्वतःचीच शंका येऊ लागली होती. एकोणसाठ दुसऱ्या कंदिलावर असेल, मी भलत्याच कंदिलाशी जोडत असेन, असे ते वहिनींना सांगत होते. त्यांनी जुन्या वह्या काढल्या. वहिनींनी नेहमीप्रमाणे टोमणे सुरू केले: काल भाजी कोणती होती सांगा, आपलं लग्न कोणत्या महिन्यात झालं सांगा. पहिल्या दिवशी ते हसले. दुसऱ्या दिवशी लग्नाचा महिना सांगायला त्यांना जरा वेळ लागला, आणि वहिनींनी टोमणे मारणे एकदम बंद केले. ती शांतता मला खिडकीत ऐकू येऊ लागली. सव्वीस वर्षांत असे झाले नव्हते.

मंगळवारी त्यांनी रस्त्यापलीकडून मला विचारलेच, "बाई, त्या दिवशी पुसताना तुम्हाला काही दिसलं होतं का हो तिथं?"

विधान एकतर सत्य असते किंवा असत्य, तिसरा पर्याय नसतो, असे मी आयुष्यभर शिकवले. तो पर्याय मला त्या क्षणी सापडला. मी म्हणाले, "बघते आठवून."

घरात येऊन मी पत्र लिहायला बसले. तीन मुद्दे, शेवटी क्षमायाचना. पत्र घेऊन समोर गेले. दार वहिनींनी उघडले आणि मी कढीलिंब मागून परत आले. तासाभराने पुन्हा गेले, तेव्हा वाटीभर चिंच मिळाली. संध्याकाळी तिसऱ्यांदा गेले तेव्हा शिजवायला काही शिल्लक नव्हते म्हणून मी किसणी मागितली. पत्र तिन्ही वेळा मुठीतच राहिले. बुधवारी सकाळी चौथ्यांदा कडी वाजवली. वहिनी दारात आल्या आणि म्हणाल्या, "आता काय, कुकर नेताय?"

"वहिनी," मी म्हणाले, "एकोणसाठ मीच पुसला."

आतल्या खोलीत वर्तमानपत्र खाली ठेवल्याचा आवाज झाला. मी उंबऱ्यातच उभी राहून बाकीचे सांगितले, ब्लेडचेही सांगितले. पत्रात तीन मुद्दे होते, बोलताना एकच निघाला. वायरमन काठी न घेता दारापर्यंत आले.  मग बायकोकडे वळून म्हणाले, "माघ. लग्न माघात झालं." आणि खुर्ची ओढून बसले.

त्यांना राग आला, पण तो नंतर, सावकाश आणि व्यवस्थित आला. आधी त्यांनी मला बसायला सांगितले, वहिनींना चहा करायला सांगितला, आणि चहा येईपर्यंत विचारत राहिले की ब्लेड नवे होते की जुने, किती वेळ लागला, वर्गात मुलांनी लिहिलेलेही मी न वाचताच पुसत असे का. मग म्हणाले की महापालिकेत छत्तीस वर्षे काढली, पाऊस, धूर, दिवाळीतले बाण, कशाकशाने तो आकडा गेला नाही; त्याला शिकलेले माणूसच लागले. मी सर्व मान्य केले. मान्य केल्यावर ते थांबतील असे वाटले होते, पण त्यांचा अंदाज असा दिसला की मान्य करणाऱ्याला आणखी थोडे ऐकवता येते.

चहा संपल्यावर ते उठून स्वतःच्या दाराच्या वरच्या काचेपाशी गेले. काठीवर टेकून, तोंड उघडे ठेवून त्यांनी काचेवर संथ, उबदार श्वास सोडला. थंडीच्या सकाळी काच पांढरी झाली आणि त्या पांढऱ्यात अक्षरे उमटली: 'गणित व इंग्रजी'. दोन-तीन क्षण राहिली आणि विरली.

ते घर भाड्याने घेण्याआधी तिथे शिकवणीवर्ग होता, असे त्यांनी सांगितले. नाव कधीच खरवडून टाकले होते. तेलरंग बरीच वर्षे बसला की काचेवर त्याची खूण राहते. नुसत्या डोळ्याला दिसत नाही, पण वाफ त्या जागी वेगळी धरते. महापालिकेच्या भांडारातले लोक पुसट क्रमांक असेच वाचत आणि त्यावरून पुन्हा रंगवत. वहिनी म्हणाल्या की चाळीस वर्षे ही काच मी पुसते आहे आणि मला हे आज कळते आहे. वायरमन म्हणाले, तू विचारलं नाहीस.

आता प्रश्न सोपा झाला असे वायरमनना वाटले. रंग घरात होता, कुंचला होता. कोणाला तरी वर चढवून आजच आकडा काढून घ्यावा आणि उद्या मुलीला दाखवावा. मी भीतभीतच म्हणाले की मग तो पुरावा राहणार नाही, आपण कालच रंगवल्यासारखे होईल. तिने आधी खूण स्वतः पाहायला हवी.

"पुसताना विचारलं नाहीत कोणाला," ते म्हणाले, "रंगवताना मात्र परवानगी हवी."

पण ते त्यांना पटले. प्रश्न एवढाच उरला की काच आता काढता येत नव्हती. लांबी दगडासारखी झाली होती, आणि ओढाताणीत ती काच फुटली तर तशी दुसरी कुठे मिळणार नव्हती. तेव्हा वरच जाऊन फुंकायचे. त्यांचा गुडघा बंद, वहिनींचे मनगट बंद. दोघांनी माझ्याकडे पाहिले. मी आयुष्यात माळ्यावर चढण्यापलीकडे काही चढलेले नव्हते, हे मी सांगितले. वहिनी म्हणाल्या की उतरायचं पुढचं पुढे, आधी चढायचं तर बघा.

गुरुवारी अकरा वाजता मुलगी आली तेव्हा घोडा मांडलेला होता. मी साडीचा पदर खोचून तिसऱ्या पायरीवर उभी होते. तिसऱ्या पायरीवर मी पावणेअकरापासूनच होते. दुसऱ्या मजल्यावरच्या गृहस्थांनी गॅलरीत खुर्ची आणली होती. वायरमननी मुलीला सगळे सांगितले, माझे नाव न वगळता. ती गोंधळून म्हणाली, "म्हणजे मॅडम फुंकणार आणि नंबर येणार?" तिच्या विभागाच्या नियमांत असे काही नव्हते, हे तिच्या चेहऱ्यावरून दिसत होते.

मी चढत गेले. एका हाताने दांडी धरली, डोळे मिटले, आठवले की मिटून चालणार नाही, आणि काचेवर श्वास सोडला. काहीच झाले नाही. पुन्हा सोडला. काच तशीच. हात लावून पाहिला तर ती गरम होती. सकाळचे ऊन थेट तिच्यावर येत होते. अशा काचेवर वाफ धरत नाही.

"जरा जोरात फुंका," गॅलरीतून सूचना आली. "चुलीवर फुंकता तसं."

वायरमननी वर न पाहताच त्यांना सांगितले की चुलीवर फुंकायला आपण खाली या. मग वहिनींना फडके थंड पाण्यात भिजवून आणायला सांगितले, बर्फाचे नको, तडकेल. फडके काठीला बांधून वर आले. मी कोपरा गार केला, कोरड्या कागदाने वरून खाली पुसला. एवढ्यात सावलीसाठी वहिनींनी आपली छत्री उघडून काठीने वर उचलली. मनगट दुखते आहे हे त्यांना तेव्हा आठवले नसावे.

मी श्वास सोडला. काच पांढरी झाली. आणि कोपऱ्यात, उगवावा तसा, पाच उमटला. पोट जरा पुढे आलेला, शेपूट लांब असलेला पाच. त्याच्या शेजारी काही गोल वळण दिसले न दिसले तोच सगळे विरले.

"पाच!" मी म्हणाले. एवढ्या मोठ्याने मी वर्गातही बोलले नसेन.

मुलगी खालून म्हणाली की मला तर काहीच दिसले नाही. मी पुन्हा वाफ दिली, ती पुन्हा 'नाही' म्हणाली. खालून आकाशाचे प्रतिबिंबच दिसत होते. मी म्हणाले की पाच आहे आणि पुढे बहुधा नऊ आहे. ती खरोखर अडचणीत पडली. "मॅडम, तुम्ही सांगून राहिल्या म्हणून मी कसं लिहू? पुसला तुम्हीच, सांगताय तुम्हीच."

तिचे म्हणणे बिनतोड होते. मी वर्गात असते तर फळ्यावर लिहून घेतले असते.

वायरमन म्हणाले, "बेटा, घोड्याला दोन्हीकडे पायऱ्या असतात."

तिने एकदा त्यांच्याकडे, एकदा माझ्याकडे पाहिले. हेल्मेट खाली ठेवणार होती, मग विचार बदलून डोक्यावर घातले आणि दुसऱ्या बाजूने चढून आली. आम्ही दोघी कंदिलाच्या दोन बाजूंनी, एकमेकींचे नाक काचेत पाहत उभ्या राहिलो. तिला माझ्या बाजूला वाकवून मी कोपरा पुन्हा गार केला. छत्री वर आली. मी श्वास सोडला. तो अपुरा पडतो आहे असे वाटून तिनेही सोडला. दोन श्वासांत काच चांगली पांढरी झाली आणि एकोणसाठ पूर्ण उमटला, दोन्ही आकडे, नऊची गाठसुद्धा. आम्ही दोघी श्वास धरून, तो जाईपर्यंत पाहत राहिलो.

"दिसून राहिलाय काका," ती खाली वाकून म्हणाली. "एकोणसाठच आहे."

 वायरमननी बायकोकडे पाहिले आणि वहिनींनी छत्री मिटली.

मुलीने शिडीवरच अर्ज भरला. क्रमांक एकोणसाठ, नोंदवहीशी जुळतो, खांब जागेवर ठेवावा. अर्जात 'क्रमांक वाचनीय आहे काय' असाही रकाना होता. तिथे ती अडली. 'होय' लिहावे तर खोटे, 'नाही' लिहावे तर वरचे सगळे वाया. शेवटी तिने लिहिले: वाफ दिल्यास. मग म्हणाली की माझ्या साहेबांना हे समजावण्यापेक्षा तुम्ही आत्ताच रंगवून टाका, मी इथेच थांबते आणि फोटो घेते.

रंगाचा डबा आणि कुंचला वर आला. कोण रंगवणार याची चर्चा झाली नाही. मी श्वास सोडायचा, खूण दिसेल तेवढ्या दोन क्षणांत त्यावरून एक फराटा मारायचा, पुन्हा श्वास. माझी दमछाक झाली तेव्हा वाफ देण्याचे काम मुलीने घेतले. पाचाला दहाएक श्वास लागले. वायरमन खुर्ची पुढे सरकवून, चष्मा लावून, खालून प्रत्येक फराट्यावर बोलत होते. वर काम करणाऱ्याने बोलू नये. खाली बसणाऱ्यासाठी काही नियम नव्हता. पाचाचे पोट ओढा आत, बाई. शेपूट आवरा. कुंचला लेखणीसारखा धरू नका, चमच्यासारखाही नको. मी मात्र काचेत दिसत होते तेवढेच गिरवत होते.

नऊ पूर्ण झाला तेव्हा ते उठून खांबापाशी आले आणि मान मागे टाकून बराच वेळ पाहत राहिले.

"नऊ डावीकडे कललाय," ते म्हणाले. "आणि पाचाच्या अंगावर आलाय. असा आकडा असतो होय?"

"अहो, जरा ऐका," मी वरून म्हणाले. "मी काही काढला नाही. काचेवर जसा होता तसाच गिरवला."

मुलीनेही मान हलवली. तसाच होता काका, मी पाहिला, असे ती म्हणाली.

वायरमन पुन्हा वर पाहू लागले. जवळजवळ पन्नास वर्षांपूर्वीचा स्वतःचा कललेला नऊ ते तपासत होते. मग त्यांनी चष्मा काढून खिशात ठेवला, काठी सावरली आणि घराकडे वळत म्हणाले, "पहिलीच नेमणूक होती. हात थरथरला असेल."

वहिनी घोडा धरून होत्या. त्यांनी आम्हा दोघींना उतरायला सांगितले, एकेक करून, आणि जी आधी चढली होती तिने आधी.